परीक्षा सोडली, आता सकाळी उठायचं कशासाठी?

कृष्णाकाठचा, सांगली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू का नको असं चाललं होतं, आज लिहितोय. वय ३२, सांगलीतच राहतो, लग्न झालेलं नाही.

बारावीपासून डोक्यात एकच होतं, अधिकारी व्हायचं. त्यासाठी पुण्याला गेलो, पेठेत कॉट बेसिसवर राहिलो, मेसचा डबा, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, निकाल आणि परत पहिल्यापासून, सगळी उमेदीची वर्षं त्यातच गेली. मुख्यपर्यंत पोचायचो आणि कटऑफला थोडक्यात अडकायचो. मग २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे सगळी तयारी नव्यानं करायची, इकडं वडिलांची शुगर वाढलेली, बहिणीचं लग्न ठरलेलं, तेव्हा गाशा गुंडाळून घरी आलो. आता मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेबाला आहे. पगार वेळेवर होतो, मालक माणूस चांगला आहे, घरचे खूश आहेत. तक्रार कुणाबद्दलच नाही.

पण आतून सगळं रिकामं झालंय. पुण्यात खिशात पैसे नसायचे तरी पहाटे उठायला कारण होतं. आता पोट भरलेलं आहे आणि कारणच नाही. सकाळी सौदे, दुपारनंतर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाचे कागद, करायच्या, संध्याकाळी आयर्विन पुलावर जाऊन नदीकडं बघत उभं राहायचं, घरी येऊन जेवायचं, मोबाईल बघत झोपायचं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आई विचारते काय झालंय, तिला काय सांगू, काहीच झालेलं नाही हेच तर झालंय.

युट्यूबवर बघितलं तर सगळे म्हणतात पॅशन शोधा, ते चार वर्तुळांचं चित्र दाखवतात, आवडतं काय, जमतं काय, जगाला हवं काय, पैसे कशाचे मिळतात. कागद घेऊन खरंच भरायला बसलो होतो. आवडतं काय ह्या पहिल्याच वर्तुळात काय लिहायचं ते कळंना.

ज्यांना जगण्याचं काहीतरी कारण सापडलंय त्यांनी सांगा, नेमकं काय केलं? आधी सापडलं आणि मग कामाला लागला का काम करता करता सापडलं? देवाधर्माचं सांगितलं तरी चालेल, फक्त पॉझिटिव्ह राहा एवढंच नको, ते करून झालंय.


सिस्टर, मिरज

भाऊ, आधी एक विचारते आणि सरळच विचारते, कारण विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसलं काही नव्यानं शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पुलावर उभा असतोस तेव्हा जीव द्यावा असं मनात येतं का? येत असेल तर बाकी सगळ्यांचे सल्ले बाजूला ठेव, आजच घरातल्या कुणालातरी सांग आणि १४४१६ ला फोन लाव. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, २०२२ ला सुरू झाली, पैसे लागत नाहीत, रात्री पण कुणीतरी असतं आणि मराठीत बोलतात.

तसं नसेल तरी झोप कशी आहे, जेवण जातंय का, पूर्वी आवडायचं ते क्रिकेट, पिक्चर, मित्र, काहीच नको वाटतं का, आणि असं सलग दोन आठवड्यांच्या वर चाललंय का, एवढं स्वतःला विचार. उत्तर हो असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला औषध आहे, समुपदेशन आहे. आजार असताना माणूस जीवनाचं ध्येय शोधायला बसला तर त्याला काहीच सापडत नाही, कारण आजारच सगळ्यातली चव काढून घेतो. मिरजेत डॉक्टरांची काय कमी आहे, कर्नाटकातनं आणि कोकणातनं माणसं इथं येतात, तू तर जवळचा.

आता तुझ्या प्रश्नाचं. आमच्या वॉर्डात एक सफाईवाल्या मावशी आहेत. काम बाकीच्यांचंच, फरशी, बेडपॅन, कचरा. पण कुठल्या पेशंटचा नातेवाईक सकाळपासून जेवलेला नाही हे मला कळायच्या आत त्यांना कळलेलं असतं. कन्नड बोलणारी म्हातारी घाबरली की डॉक्टर आम्हाला नाही, मावशींना हाक मारतात. त्यांना कुणी हे काम नेमून दिलेलं नाही, पगारात धरलेलं नाही. त्यांनी आहे त्या नोकरीत स्वतःची जागा वाढवून घेतली. मला कित्येक रात्री ड्युटीवर जावंसं वाटत नाही तेव्हा मी त्यांच्याकडं बघते. नोकरी बदलायच्या आधी आहे त्या नोकरीत अशी जागा आहे का बघ.


निवृत्त मास्तर, सातारा

बाळ, आयुष्य रयतच्या शाळांमधून शिकवण्यात गेलं, म्हणून आमच्या अण्णांचं सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील तुम्हाला माहीत असणारच, जन्म १८८७ चा कुंभोजचा, पण मूळ घर ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे तुमच्या सांगली जिल्ह्यातलंच. पुतळ्याखाली शिक्षणमहर्षी लिहिलेलं असतं त्यामुळं पोरांना वाटतं की हा माणूस जन्मतःच ठरवून आला होता. तसं काही नाही. मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, लोक पाटील मास्तर म्हणायचे. मग ओगल्यांच्या काचेच्या कारखान्याचं काम केलं, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले. त्या काळात शेतकरी म्हणायचा लोखंडानं जमीन नासते, त्याच्या बांधावर बसून त्याला समजवावं लागायचं. तुमच्या आजच्या भाषेत सेल्समनची नोकरी.

पण त्या फिरतीत बहुजनांची पोरं शाळेबाहेर आहेत, लिहितावाचता येत नसल्यानं कसे नाडले जातात हे रोज डोळ्यांसमोर होतं. १९१९ ला कऱ्हाड तालुक्यात काल्याला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा वय बत्तीस होतं, तुझ्याएवढंच. १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं, एका पंगतीला जेवण, त्या काळात. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांनी काम करून शिकायचं, कमवा आणि शिका, हे सगळं हळूहळू वाढत गेलं.

तू विचारलंस आधी सापडतं का नंतर. माझं मत, नांगर विकायला बाहेर पडले नसते तर ती पोरं त्यांना दिसलीच नसती. खोलीत बसून वर्तुळं भरून हे होत नाही. तू परीक्षेच्या निमित्तानं आजवर पुस्तकंच बघितलीस, माणसं आता बघायला लागला आहेस. अजून थोडा दम धर आणि डोळे उघडे ठेव. कोणती गोष्ट बघून तुला राग येतो ते बघ. आवडतं काय ह्यापेक्षा ते लवकर कळतं.


कऱ्हाडची लेक

सर, तुमच्याबद्दल आणि अण्णांबद्दल पूर्ण आदर आहे, मी पण रयतच्याच शाळेत शिकलेय, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्र सुद्धा मोडलं, ते आम्ही दरवर्षी जयंतीच्या भाषणात ऐकलं. १९३० ला त्या गेल्या. पण त्यांना स्वतःला काय वाटत होतं, ते ध्येय त्यांचं पण होतं का नवऱ्याचं म्हणून त्यांनी उचललं, हे त्या भाषणात कधीच नसायचं. मला वाटतं त्यांचं पण असणार, नाहीतर इतक्या पोरांचं आईपण कुणी नुसतं सांगितलं म्हणून करत नाही. पण विचारलं कुणीच नाही ना.

हे सांगायचं कारण, मी सासूबाईंचं करते, त्यांना पॅरालिसिस आहे, अंथरुणावर आहेत. येणारं जाणारं प्रत्येक जण म्हणतं हेच तुझं पुण्य, हेच जीवनाचं सार्थक. मी मनापासून करते, त्या चांगल्या आहेत, पण माझं जगण्याचं कारण ते नाही आणि तसं म्हणायला मला लाज पण वाटत नाही. माझं कारण म्हणजे पेटी. लहानपणी शिकायची राहिलेली हार्मोनियम, आता क्लासला जाते, दुपारी सासूबाई झोपल्या की दार लावून अलंकार वाजवते. त्यातनं जगाचं काही भलं होत नाही, पैसे मिळत नाहीत, कुणाला ऐकवत पण नाही. पण भूप राग बोटात बसायला लागला त्या दिवसापासून घरातलं सगळं काम हलकं झालंय.

म्हणून दादा, प्रत्येक वेळी समाजसेवाच पाहिजे असं नाही. कुणाच्याही कामाचं नसलेलं, फक्त तुझं, असं काहीतरी असू दे. एवढी वर्षं तू जे काही केलंस ते मार्कांसाठी केलंस, त्यामुळं आवडतं काय हे सुचत नसेल तर त्यात नवल नाही. आवड ही वापरात नसली की मिटून जाते, परत यायला वेळ लागतो.


माणदेशी

मी थोडं वेगळं सांगतो. आमचा माण तालुका, दुष्काळ पाचवीला पुजलेला. २०१६ ला कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवायच्या कामांच्या स्पर्धेत, पहिला नंबर काढला, मग पुढच्या वर्षांत आमच्याकडं पण सगळ्या गावांना वारं लागलं, २०१८ ला तर माणमधलीच टाकेवाडी राज्यात पहिली आली. आमच्या गावाचा नंबर बिंबर काही आला नाही, पण ते पंचेचाळीस दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. ऐन एप्रिल मे मधलं ऊन, रात्री बॅटरीच्या उजेडात सीसीटी, म्हणजे पाणी मुरवायला टेकडीवरच्या सलग समतल चरी, खोदायचो, शेजारी शेजारी बोलत नव्हते ते एका चरीत टिकाव मारत होते, पुण्यामुंबईची पोरं सुट्टी टाकून आली होती, माझी आजी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन टेकडी चढायची सगळ्यांना पाजायला. तेव्हा कुणी मला विचारलं असतं कशासाठी जगतोस तर मी एका सेकंदात सांगितलं असतं.

मग स्पर्धा संपली, पाऊस पडला, विहिरींना पाणी आलं आणि मी परत माझ्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात. त्यानंतर कितीतरी महिने तुझ्यासारखंच झालं होतं मला. सारखं वाटायचं आता परत तसं काहीतरी घडलं पाहिजे. नाही घडलं. गावात राजकारण शिरलं, काही बांध फुटले ते कुणी दुरुस्त केले नाहीत.

पण एक कळलं की ध्येय हे कायमचं एकच असतं असं आपण उगाच धरून बसतो. काही ध्येयं हंगामी असतात, ती येतात, आपल्याकडनं काम करून घेतात आणि जातात. तुझं परीक्षेचं होतं ते खोटं नव्हतं भावा, ते संपलं. माणूस गेल्यावर सुतक पाळतात तसं त्याचं पण थोडं पाळावं लागतं, लगेच दुसरं आणून बसवता येत नाही. मास्तर म्हणतात डोळे उघडे ठेव ते बरोबर आहे, फक्त दर आठवड्याला स्वतःला विचारू नको सापडलं का सापडलं का. त्यानं अजून दमायला होतं.


कृष्णाकाठचा, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

सिस्टर, तुम्ही सरळ विचारलंत ते बरं केलं. जीव द्यायचा विचार नाही, पुलावर वाऱ्याला जातो, घरात बसलं की आई तोंडाकडं बघत राहते म्हणून. पण झोपेचं तुम्ही म्हणता तसंच आहे, पहाटे जाग येते आणि मग डोळा लागत नाही. नंबर सेव्ह केलाय, आणि ह्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवतो.

काही मित्रांनी मेसेज करून सांगितलं की गावात अभ्यासिका काढ, पोरांना एमपीएससीचं शिकव, तुझा अनुभव वाया जायला नको. ते माझ्याच्यानं होणार नाही. ती पुस्तकं कपाटात आहेत, कपाट उघडवत नाही. आणि ज्या रस्त्यानं मी परत आलो त्याच रस्त्यावर कुणाची पोरं स्वतःच्या हातानं लावायची माझी तयारी नाही, निदान आत्ता नाही.

मास्तर, राग कशाचा येतो विचारलंत. त्यावर दोन दिवस विचार करत होतो. आमच्याकडं सीझनला कर्नाटकातनं पण हळद येते, राजापुरी, पोती उतरली की सौदा होतो, मग मी पट्टी करतो. पट्टीवर वजन, भाव, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल असं वजा होत होत खाली एक आकडा येतो. शेतकरी फक्त तो खालचा आकडा बघतो आणि कागद घडी घालून खिशात टाकतो. नऊ महिने जमिनीत, मग काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, एवढं करून आपले पैसे कुठं गेले हे विचारायला पण तो बिचकतो. मागं एका आजोबांना बसवून एकेक ओळ समजावून सांगितली, निम्मं मराठी निम्मं हातवारे. पुढच्या वेळी ते शेजारच्या दोघांच्या जुन्या पट्ट्या घेऊन आले, ह्या पण सांगा म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण मनात परत तेच, एवढ्याशा गोष्टीवर आयुष्य काढायचं का? कलेक्टर व्हायला निघालो होतो.


विट्याचा माजी परीक्षार्थी

मित्रा, मी पण त्याच रस्त्यावरून आलोय, आता विट्यात एका खाजगी शाळेत आहे. दोनच गोष्टी सांगतो.

ते चार वर्तुळांचं चित्र जपानचं म्हणून फिरतं ते जपानचं नाहीये. मूळ चित्र एका स्पॅनिश माणसाचं, त्यावर इकिगाई हे जपानी नाव एका ब्रिटिश ब्लॉगरनं २०१४ मध्ये चिकटवलं. त्यामुळं ती वर्तुळं रिकामी राहिली म्हणून आपल्यात काही कमी आहे असं अजिबात धरू नकोस.

दुसरं, व्हिक्टर फ्रँकल म्हणून व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, १९०५ ते १९९७. नाझींच्या चार छळछावण्यांतनं वाचले, आई, वडील, भाऊ, बायको सगळे गेले. त्यांचं म्हणणं मला निकालाच्या दिवसांत फार उपयोगी पडलं. ते म्हणतात माणसानं आयुष्याला विचारायचं नसतं की तुझा अर्थ काय, आयुष्यच रोज आपल्याला काहीतरी विचारत असतं आणि उत्तर आपण वागून द्यायचं असतं. अर्थ तीन वाटांनी येतो असं ते सांगायचे, काहीतरी घडवण्यातनं, कशावर किंवा कुणावर तरी जीव लावण्यातनं, आणि जे दुःख टाळताच येत नाही ते आपण कसं सोसतो त्यातनं. आता वरचे सगळे रिप्लाय परत वाच. कऱ्हाडच्या ताईंची पेटी, सिस्टरांच्या मावशी, सगळं त्यात येतं.

आणि कलेक्टरचं म्हणशील तर मला पण ते सोडताना फार जड गेलं. पण खरं सांग, तुला कलेक्टर व्हायचं होतं ते कशासाठी? इंटरव्ह्यूच्या तयारीत आपण सगळे पाठ करायचो ना, सामान्य माणसाला त्याचा हक्क मिळवून द्यायचाय म्हणून. ते आजोबा जुन्या पट्ट्या घेऊन तुझ्या टेबलापाशी आले होते. मला तरी ती गोष्ट एवढीशी वाटत नाही.


हळदवाला, वाळवा तालुका

मी शेतकरी आहे, दरवर्षी सांगलीला माल आणतो, म्हणून मधीच बोलतोय. ध्येय बियेय मला जास्त सांगता येत नाही, पण तुम्ही पट्टीचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, नाव झालं, आनंद आहे, पण आम्हाला अजून पट्टी वाचता येत नाही हे शंभर टक्के खरं आहे. माझा पोरगा ग्रॅज्युएट आहे त्याला पण सगळ्या ओळी कळत नाहीत. विचारलं तर दुकानातली माणसं गर्दीत खेकसतात, सगळीच नाही पण बरीच.

तुमच्याकडनं होत असेल तर एक करा. दुकानात दर्शनी जागी मोठ्या अक्षरात बोर्ड लावा, पट्टीत कुठल्या ओळीचा अर्थ काय, हमाली कशावर धरतात, तोलाई किती, घट कशाबद्दल कापली. उचल घेतली असेल तर मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळ्या ओळीत दाखवा, एकत्र केलं की काही कळत नाही. आणि कन्नडमध्ये पण लिहा, आमच्या ओळखीचे अथणीकडचे लोक येतात त्यांचे तर फार हाल. असा बोर्ड असेल त्या दुकानात मी माल घालीन आणि चार जणांना सांगीन, हे तुमच्या मालकाला पण सांगा, त्यांचा पण फायदाच आहे.


कृष्णाकाठचा, सांगली

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी मालकांशी बोलतो. उचलीच्या व्याजाच्या ओळीवर ते जरा अडतील असं वाटतंय, पण तुम्ही शेवटी लिहिलंय ते दाखवतो त्यांना. मराठीचा मजकूर आज रात्री बसून लिहून काढतो आणि इथंच टाकतो, कुठं कळत नाही ते तुम्ही सांगा म्हणजे सोपं करता येईल.

कन्नड नीट लिहिता येणारं इथं कुणी आहे का? आमच्याकडचे हमाल बोलतात पण लिहीत नाहीत. जत किंवा मिरजेच्या कुणाला जमत असेल तर प्लीज मेसेज करा.